वाड्यावरच्या मुलांचे दात : स्थलांतराच्या वेळापत्रकात बसवायची काळजी

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड, मालेगाव अशा कमी पावसाच्या तालुक्यांतून मेंढपाळ धनगरांचे अनेक वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या कुटुंबांचे तळ, दिवाळीनंतर बाहेर पडतात. काही निफाड-दिंडोरीकडच्या पाटपाण्याच्या गावांत शेते बसवत, म्हणजे खतासाठी शेतकऱ्याच्या शेतात मेंढरे बसवत, फिरतात, तर काही इगतपुरीकडून घाट उतरून ठाणे-पालघरच्या बाजूला जातात आणि मृगाच्या तोंडावर आपल्या गावी परततात. लहान मुले या सगळ्या वाटचालीत वाड्याबरोबरच असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलांची तपासणी करतात, त्यात दातांचीही तपासणी असते. परंतु ही भेट हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात झाली, तर वाड्यावरचे मूल गावात नसते, आणि ज्या गावाच्या शिवारात ते असते तेथील पटावर त्याचे नाव नसते. दोन्ही ठिकाणी तपासणी पार पडते आणि मूल दोन्हीकडून सुटते.

या मुलांसाठी सांगितलेली दातांची काळजी जर त्यांच्या वर्षात बसत नसेल, तर ती कितीही शास्त्रशुद्ध असली तरी निरुपयोगी आहे. म्हणून या लेखातील सर्व पायऱ्या एका सूत्रावर बेतल्या आहेत : पावसाळ्याचे चार महिने, म्हणजे गावी मुक्काम असतो तो काळ, तपासणीसाठी आणि उपचारांसाठी राखून ठेवायचा, आणि दिवाळीनंतरचे सात-आठ महिने दात जपण्यासाठी व अडचण आली तर ती वाढू न देण्यासाठी. हा लेख वाड्यावरच्या शिकलेल्या तरुण-तरुणींसाठी आहे, तसाच अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक आणि वाड्यांपर्यंत पोहोचू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीही आहे.

पहिली पायरी : मुलाचे तोंड पाहायला शिकणे

मेंढी विकत घेताना तिचा ओठ उचलून ती दोन दाती आहे, चार दाती आहे की पूर्ण दाती, हे मेंढपाळ क्षणात सांगतो. दातांवरून वय आणि तब्येत ओळखण्याची ही नजर वाड्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तीच नजर महिन्यातून एकदा, अमावास्येला किंवा पौर्णिमेला म्हणा, मुलाच्या तोंडाकडे वळवायची आहे. त्यासाठी काही मोजक्या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात.

बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून दात येऊ लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात पूर्ण होतात. बहुतेक बाळांचे खालचे पुढचे दोन दात आधी येतात. एखाद्याचे वरचे आधी आले तर ते मामाला वाईट असे म्हणतात, पण त्यात काळजीचे काहीही नाही आणि तो दात काढून टाकण्याचे तर मुळीच कारण नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, वर आणि खाली, प्रत्येक बाजूला एक नवी दाढ येते. ही येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात ही कायमची दाढ आहे, ती गेली तर तिच्या जागी पुन्हा काही येणार नाही, आणि तिच्यावर खोल चिरा असल्यामुळे कीड सर्वांत आधी तिलाच गाठते. सहा ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट तपासण्याइतका वेळ असेल, तर या चार दाढा तपासाव्यात.

पाहण्याची पद्धत सोपी आहे. दोन मोठ्या माणसांनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसावे. मुलाचे पाय आईच्या कमरेला वेढलेले आणि डोके पाहणाऱ्याच्या मांडीवर, असे त्याला उताणे निजवावे, म्हणजे आई त्याचे हात धरू शकते आणि मुलाला तिचा चेहराही दिसत राहतो. हात साबणाने धुऊन बोटाने वरचा ओठ हलकेच उचलावा. पुढचे दात हिरडीला जेथे मिळतात तेथे खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते का, हे दिवसाच्या उजेडात किंवा मोबाईलच्या दिव्यात पाहावे. ही रेघ म्हणजे किडीची पहिली खूण, आणि या टप्प्यावर योग्य काळजी घेतली तर कीड खड्डा न पडता थांबू शकते. त्यानंतर तपकिरी वा काळे ठिपके, दाढांच्या चिरांतील खड्डे, आणि हिरडीवर फुटकुळीसारखा पुळीचा उंचवटा पाहावा. अशी पुळी दुखत नसली तरी दाताच्या मुळाशी पू साचल्याचे ती लक्षण असते.

पांढऱ्या डागांबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. पाण्यात फ्लोराइड फार असेल तर दातांवर पांढुरके किंवा पिवळट-तपकिरी पट्टे येतात. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांना ही अडचण आहे. असे पट्टे डाव्या-उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखे आणि दातभर पसरलेले असतात, तर किडीची रेघ हिरडीलगत असते. ठरवता येत नसेल तर फोटो काढून दंतवैद्याला दाखवावा.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ या समजुतीबद्दल

वाड्यावर काय आणि गावात काय, हे वाक्य सर्वत्र ऐकू येते आणि त्याचे उत्तर शांतपणे द्यावे लागते. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांच्या वयात पडतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. चौथ्या वर्षी दाढ किडली तर मुलाला सहा-सात वर्षे तिच्याबरोबर काढावी लागतात. ते एका बाजूने चावते, बाजरीची भाकरी टाळून चहात बुडवलेली बिस्किटे मागते, रात्री कळ येऊन उठते, आणि त्याचे वजन वाढत नाही. मुळाशी साचलेला पू आतमध्ये तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही इजा करू शकतो. दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमच्या दाताला जागा उरत नाही.

आईशी बोलताना दाताचा विषय थेट काढण्यापेक्षा ‘मावशी, पोरगं कोणत्या बाजूनं चावतंय ते बघितलंत का?’ असे विचारले, तर बोलणे लवकर सुरू होते, कारण ते तिने पाहिलेले असते.

दुसरी पायरी : चहा आणि पाच रुपयांचा पुडा

मेंढपाळांचा मूळ आहार दातांना चांगला आहे. भाकरी, कालवण, शेळीचे दूध, कांदा, शेंगदाणे, रानातली बोरे, यांतून कीड होत नाही. कीड येते ती साखरेच्या वारंवार येण्यातून. तोंडातील जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात, ते दातावरचे कठीण आवरण विरघळवते, आणि प्रत्येक वेळी लाळेला ते आम्ल निष्प्रभ करायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून दिवसभरात साखर किती पोटात गेली याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्व ती किती वेळा तोंडात आली याला आहे.

आता वाड्यावरचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. पहाटे बिऱ्हाड हलवण्यापूर्वी चहा, नव्या मुक्कामी पाल ठोकल्यावर चहा, ज्याचे शेत बसवायचे तो शेतकरी आला की चहा, संध्याकाळी मेंढरे वाघरीत (जाळीच्या कुंपणात) आली की चहा. प्रत्येक वेळी मुलाच्या हातात बशी येते आणि तिच्यासोबत टोस्ट, खारी किंवा बिस्किटे. शिवाय दिवसभर कोकरे सांभाळणाऱ्या मुलाला गप्प बसवायला गावच्या दुकानातील पाच रुपयांचा पुडा असतो. मुलाच्या दातांवर दिवसभरात सहा-सात वेळा आम्लाचा मारा होतो आणि मध्ये सावरायला वेळच मिळत नाही.

चहा बंद करा असे सांगणे व्यर्थ आहे, आणि पाहुणचाराचा चहा नाकारणे तर अशक्य. पुढील बदल मात्र मी आग्रहाने सुचवेन. पाच वर्षांखालील मुलाला चहाऐवजी बिनसाखरेचे, उकळलेले दूध द्यावे. वाड्यावर शेळ्या असतातच, आणि दूध नीट उकळल्याने कच्च्या दुधातून होणाऱ्या ब्रुसेलोसिससारख्या आजाराचा धोकाही टळतो. मोठ्या मुलाचा चहा जेवणाबरोबर किंवा न्याहारीबरोबर आणावा, म्हणजे साखरेच्या वेळा कमी होतात. साखर एकदम न तोडता दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत न्यावी, जीभ महिन्याभरात सरावते. बिस्किटांचा पुडा रोजचा न ठेवता आठवडे बाजाराच्या दिवसापुरता ठेवावा आणि तोही एका बैठकीत संपवावा. दिवसभर खिशातून एकेक बिस्किट खाणे सर्वांत वाईट. मधल्या भुकेला भाकरीचा तुकडा, काकडी, बोरे द्यावीत. फुटाणे आणि शेंगदाणेही चांगले, पण पाच वर्षांखालच्या मुलांना ते अख्खे देऊ नयेत, घशात अडकतात.

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात मुक्काम असताना मुलांच्या हाती द्राक्षे, बेदाणे आणि ऊस येतो. द्राक्षे जेवणाबरोबर खावीत आणि लहानग्यांना उभी चिरून द्यावीत. बेदाणे दातांच्या चिरांत चिकटून बसतात, म्हणून ते खाल्ल्यावर चुळा भराव्यात. खोकल्याच्या गोड औषधानंतरही तसेच करावे. बाळाच्या हिरड्यांना मध चोळण्याची प्रथा आहे, पण एक वर्षाच्या आत मध देऊच नये. दातांसाठी तर ते वाईट आहेच, त्याहून गंभीर म्हणजे त्यातून बाळाला बोट्युलिझम ही विषबाधा होऊ शकते.

अंगावर पाजणे दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही जरूर चालू ठेवावे. दात आल्यावर मात्र रात्रभर स्तन तोंडात राहू न देता, बाळ झोपले की अलगद सोडवून ओल्या स्वच्छ फडक्याने दात पुसावेत.

तिसरी पायरी : घासणे, आणि विशेषतः रात्रीचे घासणे

कडुलिंबाची किंवा बाभळीची दातवण वाड्यावर नेहमीची आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. टोक चावून मऊ कुंचा करून, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवली तर ती दातावरचा थर काढते. तिच्यात फ्लोराइड नसते, एवढीच तिची मर्यादा आहे, आणि कीड रोखण्यात फ्लोराइडचा वाटा मोठा आहे. म्हणून सकाळी दातवण हवी तर असू द्यावी, रात्री मात्र ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट हवीच. राख, कोळसा, विटेची पूड आणि जाडे मीठ मात्र सोडावे, त्यांनी दातावरचे आवरण खरवडले जाते.

पेस्ट घेताना डब्यावर फ्लोराइडचे प्रमाण वाचावे. आपल्याकडे ते साधारण १००० पीपीएम असते. अनेक वनस्पतिजन्य पेस्टांमध्ये आणि लाल दंतमंजनांत ते अजिबात नसते, आणि दुकानदार तसे सांगत नाही. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पेस्ट लहान मुलाला देणे चुकीचे आहे, कारण ते ती गिळते. घासून झाल्यावर थुंकावे, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नये, म्हणजे पेस्टमधील फ्लोराइड दातांवर राहते. ज्या मुक्कामी पिण्याचे पाणी लांबून आणावे लागते, तेथे ही पद्धत आणखी सोयीची पडते.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला नीट घासण्याइतकी सफाई नसते, म्हणून मोठ्या माणसाने घासून द्यावे. संध्याकाळी बाया-माणसे स्वयंपाकात आणि मेंढरांत गुंतलेली असतात, हे खरे. हे काम मोठ्या बहिणीवर लोटले जाते, तसे होऊ नये, कारण तीही मूलच असते. जेवणे आटोपल्यावर आजी-आजोबांपैकी कोणी एकाने सगळ्या पोरांना ओळीने बसवून घासून द्यावे, ही माझ्या मते सर्वांत टिकणारी व्यवस्था आहे. घासल्यानंतर झोपेपर्यंत पाण्याखेरीज काहीही देऊ नये. झोपेत लाळ कमी होते आणि दातांवर राहिलेली साखर रात्रभर आपले काम करते.

प्रत्येक मुलाचा ब्रश वेगळा असावा, दोऱ्याच्या रंगाने तो ओळखता येतो. ओला ब्रश बंद डब्यात किंवा पिशवीच्या तळाशी ठेवू नये, पालाच्या बांबूला टांगून वाळू द्यावा. केस फाकले, म्हणजे साधारण तीन महिन्यांनी, तो बदलावा.

चौथी पायरी : मिशरी

ग्रामीण महाराष्ट्रात अनेक घरांत बाया सकाळी मिशरीने दात घासतात आणि शेजारी बसलेली मुलगी आईचे बघून बोट लावते. काही ठिकाणी दात दुखणाऱ्या मुलाच्या हिरडीवर मुद्दाम मिशरी दाबतात. त्याने क्षणभर बधिरपणा येतो, म्हणून ती औषध वाटते, पण मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखू आहे. हिरडी जळते, आतली कीड तशीच वाढत राहते, आणि मुलाच्या शरीराला निकोटीनची सवय लागायला सुरुवात होते. पुढे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अल्पवयीनांना तंबाखू देणे बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार गंभीर गुन्हा आहे, पण कायद्याचा धाक दाखवून एखाद्या आईची सवय सुटल्याचे मला कधी दिसले नाही. मुलांच्या हाती डबी लागू न देणे आणि दुखऱ्या दाताला मिशरी न लावणे, या दोनच गोष्टी आधी मागाव्यात. ज्या बाईला स्वतःला सोडायची इच्छा होईल तिला १८००-११२-३५६ या तंबाखूमुक्तीच्या निःशुल्क क्रमांकावर फोन लावून द्यावा.

पाचवी पायरी : पावसाळ्यातील उपचार

वाडा गावी परतल्यानंतर पहिल्या पंधरवड्यात सर्व मुलांचे दात पाहून घ्यावेत आणि अंगणवाडी व शाळेत त्यांची नावे पटावर असल्याची खात्री करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला, आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या आरोग्यस्थितींचा त्यात समावेश आहे त्यांत दातांची कीडही आहे. पथक आपल्या गावात कधी येणार हे आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून आधी विचारावे. पथकाची भेट स्थलांतराच्या महिन्यांत ठरली असेल, तर सरपंच आणि मुख्याध्यापकांनी ती जुलै ते सप्टेंबरमध्ये आणण्यासाठी लेखी विनंती करावी. ज्या गावांतून वाडे बाहेर पडतात त्या गावांसाठी ही मागणी पूर्णपणे रास्त आहे आणि ती अजून पुरेशा जोराने झालेली नाही. भटक्या जमातींच्या आश्रमशाळेत किंवा आजी-आजोबांकडे राहून शिकणाऱ्या मुलांची तपासणी त्यांच्या शाळेत होते, त्यांच्या पालकांनी निदान काय निघाले ते विचारून घ्यावे. नुसत्या तपासणीने दात बरा होत नाही.

पथकाने पुढे पाठवलेल्या मुलाला तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात हे निघण्यापूर्वी फोनवर विचारावे, नाहीतर एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे वाया जाते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. अवघड उपचारांसाठी नाशिकचे जिल्हा रुग्णालय, मालेगावचे सामान्य रुग्णालय, किंवा पंचवटीतील महात्मा गांधी विद्यामंदिर संस्थेचे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो आणि भीतीने आक्रसलेल्या मुलाला हाताळण्याचा तेथील डॉक्टरांना सराव असतो.

डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे : ‘आम्ही दिवाळीनंतर बाहेर पडतो, पुन्हा जूनमध्ये येऊ. त्याआधी पूर्ण होईल असाच उपचार करा.’ हे वाक्य फार महत्त्वाचे आहे. दाढ उघडून तात्पुरते सिमेंट भरायचे आणि पुढच्या तीन-चार भेटींत उपचार पुरा करायचा, असे ठरले आणि वाडा निघून गेला, तर ते सिमेंट पडते आणि दाढ आधीपेक्षा वाईट स्थितीत जाते.

एका-दोन बैठकांत होणारे पर्याय डॉक्टरांना विचारता येतात. सिल्व्हर डायअमाईन फ्लोराइड हे द्रव किडलेल्या जागेवर लावतात, त्याला टोचणे वा कोरणे लागत नाही आणि बऱ्याच दातांतील कीड तेथेच थांबते. किडलेला भाग काळा पडतो, हे आई-वडिलांना आधीच सांगायला हवे, नाहीतर औषधाने दात खराब झाला असा गैरसमज वाड्यावाड्यांत पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या औषधाचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला, आणि ग्लास आयोनोमर सिमेंटचाही. हे सिमेंट वापरून फक्त हाताच्या हत्यारांनी कीड काढून खड्डा भरता येतो, म्हणजे विजेच्या यंत्राशिवाय शाळेच्या खोलीतही उपचार होतो. नव्याने आलेल्या सहाव्या वर्षाच्या दाढांच्या चिरा बुजवून घेणे आणि सर्व दातांना फ्लोराइड वार्निश (फ्लोराइडचा लेप) लावून घेणे ही दोन कामे पावसाळ्यात एकदा आणि शक्य तर निघण्याच्या आधी पुन्हा करावीत. मुळाशी पू झालेला आणि वाचवण्यापलीकडचा दुधाचा दात वाटेवर रात्री-अपरात्री सुजण्यापेक्षा वेळेवर काढून घेतलेला बरा.

सहावी पायरी : वाटेवर दात दुखू लागला तर

आधी कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायला लावाव्यात आणि दातांत अडकलेले अन्न स्वच्छ दोऱ्याने काढावे. कळ थांबवण्यासाठी पॅरासिटामॉल द्यावे. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते : दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान सहा तासांचे अंतर, आणि दिवसात चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत. बारा किलोच्या मुलाला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम बसते. पॅरासिटामॉलचे पातळ औषध पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींचे मिळते, म्हणून बाटलीवरील आकडा वाचल्याशिवाय मोजू नये. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये आणि कोणतीही गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये, तेथे भाजल्यासारखी जखम होते. लवंगेच्या तेलानेही लहान मुलाची हिरडी भाजते.

भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला ‘किडा काढणारे’ अजूनही बाजारात भेटतात. दाताच्या किडीत अळी नसते, ती आम्लाने झालेली झीज असते. गरम धुरीने मुलाचे तोंड भाजण्याचा धोका तेवढा खरा असतो. सुजेवर गरम शेक देणेही टाळावे.

मेंढपाळांसाठी यापेक्षा मोठा इशारा जनावरांच्या औषधांचा आहे. वाड्याच्या सामानात मेंढरांसाठी ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखी औषधे असतात आणि अडचणीत तीच मुलाला देण्याचा मोह होतो. जनावराचे औषध मुलाला कधीही देऊ नये. टेट्रासायक्लिन गटातील औषधे आठ वर्षांखालील मुलांच्या हाडांत तयार होत असलेल्या कायमच्या दातांवर पिवळे-करडे डाग पाडतात आणि ते आयुष्यभर जात नाहीत. दुकानातून अँटिबायोटिक आणून दोन दिवस देणे हाही उपाय नव्हे, आतला दात तसाच असेल तर पू परत भरतो.

पुढील लक्षणे दिसली तर दिवस उजाडण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी : गालावरची सूज डोळ्यापर्यंत किंवा हनुवटीखाली मानेत पसरणे, तोंड पुरते न उघडणे, थुंकी गिळता न येणे, श्वासाला त्रास, किंवा ताप येऊन मूल सुस्त पडणे. हनुवटीखालची सूज श्वासमार्ग दाबू शकते आणि तिच्यात काही तासांत जीव धोक्यात येऊ शकतो.

आणखी एक. मेंढ्यांना ‘मावा’ झाला असेल, म्हणजे त्यांच्या तोंडावर खपल्या आल्या असतील, तर मुलांना त्या कोकरांना कुरवाळू देऊ नये आणि हात धुतल्याशिवाय तोंडात बोट घालू देऊ नये. हा विषाणू माणसाच्या त्वचेवर फोड आणतो.

सातवी पायरी : मार लागून दात निघाला तर

घोडीवरून पडणे, टेम्पोतून उतरताना घसरणे, एडक्याची धडक, यांत पुढचे दात जातात. आधी मूल शुद्धीवर आहे का, उलट्या होतात का, हे पाहावे. डोक्याला मार असेल तर दाताचा विचार मागे ठेवून आधी रुग्णालय गाठावे.

निघालेला दात दुधाचा असेल तर तो परत बसवू नये, खालच्या कायमच्या दाताला इजा होते. सात-आठ वर्षांवरील मुलाचा मोठा, कायमचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला असेल, तर तो वाचू शकतो, पण मिनिटांचा हिशेब असतो. दात शोधून पांढऱ्या बाजूने धरावा, मुळाला हात लावू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने काही क्षण धुवावा, घासू नये. मूल शांत असेल तर दात त्याच खाचेत सरळ बसवून त्याला स्वच्छ फडके चावून धरायला सांगावे. जमत नसेल तर दात थंड दुधात बुडवून, तासाभराच्या आत, शक्यतो त्याहून लवकर, दंतवैद्याकडे पोहोचावे. कोरड्या रुमालात गुंडाळलेला दात मरतो. दूध वाड्यावर कायम असते, त्यामुळे या एका बाबतीत वाड्यावरचे मूल शहरातल्या मुलापेक्षाही सुरक्षित असू शकते, फक्त ही माहिती वाड्यावर आधीपासून असायला हवी. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

कार्यकर्त्यांनी वाडा कसा गाठावा

दुपारी वाड्यावर गेल्यास गडीमाणसे मेंढरांमागे असतात आणि बाया मुक्काम आवरत असतात. एका शेतात वाडा काही दिवस बसलेला असतो, तेव्हा संध्याकाळी मेंढरे आत आल्यानंतरची वेळ चांगली. आधी कारभाऱ्यांची परवानगी घ्यावी आणि आजीला सोबत बसवावे, तिचा शब्द मुलांच्या बाबतीत शेवटचा असतो.

सर्वांत सोयीची संधी मात्र पशुवैद्यकीय दवाखान्याच्या लसीकरणाची आहे. पावसाळ्यापूर्वी मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचली जाते आणि त्या वेळी परिसरातील बरेच वाडे एकत्र येतात. मेंढरांच्या लसीसाठी मेंढपाळ न चुकता वेळ काढतो. त्याच दिवशी, त्याच झाडाखाली, आरोग्य केंद्राने मुलांच्या तपासणीचे टेबल मांडले तर वेगळे शिबिर भरवून लोकांची वाट पाहण्याची गरज उरत नाही. यासाठी पशुवैद्यकीय अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी यांनी तारीख एकमेकांना कळवणे एवढेच लागते.

निघण्यापूर्वीची तयारी

दिवाळीच्या आठवड्यात प्रत्येक मुलासाठी एक नोंद तयार करावी. लहान मुलांसाठी माता-बाल संरक्षण कार्डाचे कोरे पान चालते, मोठ्यांसाठी वहीचा कागद. त्यावर मुलाचे नाव, जन्मतारीख, वजन, कोणत्या दाताला काय केले आणि कोणत्या तारखेला, डॉक्टरांनी पुढे काय सांगितले, आणि एखाद्या औषधाचा त्रास होत असेल तर त्याचे नाव लिहावे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि त्याचा फोटो वाड्यावरच्या दोन वेगवेगळ्या मोबाईलमध्ये असावा, एक हरवला किंवा बंद पडला तरी दुसरा असतो. दरवर्षीचा मार्ग साधारण ठरलेला असल्याने, वाटेवर लागणाऱ्या तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांचे फोन क्रमांक त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवावेत.

सामानाचा हिशेबही करून ठेवता येतो. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण पाव ग्रॅम, दिवसातून दोनदा घासल्यास अर्धा ग्रॅम, म्हणजे शंभर ग्रॅमची एक नळी एका मुलाला जवळजवळ दोनशे दिवस, स्थलांतराचा बहुतेक काळ पुरते. प्रत्येक मुलासाठी तीन ब्रश, एक पॅरासिटामॉलची बाटली आणि तिच्यासोबतचे मोजमाप असलेले झाकण, निघालेला दात दुधात नेण्यासाठी एक झाकणाचा छोटा डबा, आणि दोऱ्याचे रीळ, एवढे एका पिशवीत भरून ती पिशवी मेंढरांच्या औषधांपासून वेगळ्या पडशीत ठेवावी. बाटलीवरची मुदत पुढच्या जूनपर्यंतची आहे का, हे दुकानातच वाचून घ्यावे.